पाणी ओसरल्यानंतरचे घर : बारामती-इंदापूर परिसरातील एक अभ्यास

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची ओळख भूगोलाच्या पुस्तकात एका शब्दात आटोपते, अवर्षणप्रवण. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाकाठी पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही बराचसा परतीचा. त्यामुळे आपल्याकडे घर सोडून जाण्याचा विषय निघाला की डोळ्यांपुढे येतो तो दुष्काळ. विहिरी आटल्या, जनावरे छावणीला नेली, माणसे कामाच्या शोधात बाहेर पडली. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे आजही गावोगाव भेटतात. पाणी नाही म्हणून घर सुटते हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाणी आले म्हणून घर सुटते, आणि ते पाणी चार-पाच तासांत निघून गेल्यावरही घर दोन-दोन महिने सुटलेलेच राहते, या गोष्टीचा मात्र आपण फारसा विचार केलेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. अर्थशास्त्र विभागात प्रकल्पासाठी विषय निवडताना मला तो सुचला याचे कारण घरगुती आहे. ते ओघाने येईलच.

प्रथम अलीकडच्या काही घटना पाहू. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने जो कहर केला तो सर्वांच्या लक्षात आहे. त्याच पावसाने कऱ्हा नदीलाही मोठा पूर आला. जेजुरीजवळच्या नाझरे धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि बारामती शहरातील व नदीकाठच्या गावांतील हजारो लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवावे लागले. एरव्ही जी नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते, तिच्या काठची ही कथा. पुढच्याच वर्षी १४ ऑक्टोबर २०२० रोजी इंदापूर तालुक्यात अतिवृष्टी झाली. निमगाव केतकी येथे पुरात अडकलेल्या सुमारे चाळीस जणांना बचाव पथकाने बाहेर काढले. तिसरी घटना २५ मे २०२५ ची. त्या रविवारी पावसाने दोन्ही तालुके झोडपून काढले. बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, काटेवाडी भागात घरांत पाणी शिरले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या दोन तुकड्या दोन तालुक्यांकडे रवाना झाल्या. प्रशासनाच्या पहिल्या माहितीत बारामती तालुक्यातील पंचवीस घरांची 'अंशतः' पडझड झाल्याचे म्हटले होते. वाचकांनी हा 'अंशतः' शब्द ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याच्याशी आपल्याला काम आहे.

या तिन्ही प्रसंगांत एक साम्य आहे. पाणी झपाट्याने आले आणि झपाट्याने गेले. सांगली-शिरोळ पट्ट्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आठवडाभर घरांत मुक्काम ठोकून होते. आपल्याकडे तसे होत नाही. येथील जमिनीला उतार आहे, ओढे आखूड आहेत, नद्यांची पात्रे खोल आहेत. ढग फुटावा तसा पाऊस पडतो, ओढा दोन्ही काठ सोडून वाहतो आणि सकाळी उठून पाहावे तर पुन्हा पोटरीभर पाणी. बाहेरगावचा माणूस दुसऱ्या दिवशी आला तर इथे पूर आला होता हे त्याला खरेही वाटणार नाही.

कालव्याची गोष्ट आणखी निराळी आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर या भागाला संरक्षण म्हणून तो काढण्यात आला आणि आज जो ऊस, जे साखर कारखाने, जी समृद्धी आपण पाहतो तिचा उगम त्याच्यात आहे, हे नाकारून चालणार नाही. परंतु कालवा ही उतारावर आडवी घातलेली एक लांबलचक ताल आहे. तो समपातळी धरून वळसे घेत जातो, त्यामुळे उत्तरेकडील माळावरून नीरेकडे धावणारा प्रत्येक लहानमोठा ओढा त्याला कुठे ना कुठे आडवा येतो. हे पाणी कालव्याखालून किंवा वरून पलीकडे जावे यासाठी मोऱ्या बांधलेल्या असतात. मोरी गाळाने भरली किंवा तिच्या आवाक्याबाहेर पाऊस झाला, की वरचे पाणी कालव्याच्या भरावाला तुंबते, कालव्यात उतरते, आणि मग खालच्या बाजूचा भराव जिथे कच्चा असेल तिथे तुटतो. मे महिन्यात तर कालव्यात उन्हाळी आवर्तनाचे पाणी असण्याचाच काळ. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला तेव्हा पाऊसही नव्हता. भर दुपारच्या आत वस्तीतल्या शेकडो घरांचे संसार रस्त्यावर आले आणि काही तासांत पाणी ओसरलेही.

कालव्याचे पाणी असे एकदम येते तसे ते हळूहळूही येते, हे येथे नोंदले पाहिजे. १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कालवा सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती आणि तेवढ्यात पाझराने चांगली रानेही चिबडू लागली होती. शेतीच्या संदर्भात हा प्रश्न शंभर वर्षे चर्चेत आहे. पण जे पाणी रानाच्या पोटात चढते ते घराच्या पायातही चढते. पाझराच्या पट्ट्यातील जुन्या घरांच्या भिंतींना हातभर उंचीपर्यंत लोणा लागलेला कुणीही पाहू शकतो. अशा भिंती आधीच आतून पोखरलेल्या असतात. मोठे पाणी आले की त्या सर्वांत आधी बसतात.

आता घराकडे वळू.

या भागातले जुने घर कोरड्या हवेसाठी बांधलेले आहे. भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, पाया दगडाचा पण उथळ, वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर किलच, त्यावर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर पांढरीचा लेप. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब, खर्च बेताचा, आणि माती गावातलीच. पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात याहून शहाणे घर शोधून सापडायचे नाही. कोकणातल्या उतरत्या कौलांशी तुलना करून आपल्या माळवदाला मागासलेले म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी एकदा मे महिन्यातली दुपार पत्र्याच्या घरात काढावी.

मात्र या घराला एक वार्षिक विधी लागतो. मृग निघण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, माळवदावर नवी पांढरी टाकायची, भेगा बुजवायच्या, पन्हळी मोकळ्या करायच्या, भिंतींच्या कडेला मुरूम दाबायचा. हे काम मेअखेरीस काढायची रीत आहे. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबई-पुण्यापर्यंत २६ मे रोजी येऊन ठेपला. २५ तारखेचा पाऊस पडला तेव्हा रोहिणी नक्षत्र नुकतेच लागत होते. बहुतेक माळवदे उघडी होती. एवढेच नव्हे, तर आपल्या भागातील मुख्य पीक रब्बी ज्वारी. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावरून घरात येते. मे महिन्यात वर्षाचे धान्य घरात असते, कडब्याची गंज दारात असते, कांदा चाळीत असतो. सप्टेंबरातल्या पुराने उभे पीक जाते आणि ते सर्वांना दिसते. मेमधल्या पाण्याने साठवलेले पीक जाते आणि ते घराच्या आतल्या अंधारात जाते. पिकाच्या पंचनाम्यात ते बसत नाही, कारण ते आता पीक राहिलेले नसते.

माझ्या आत्याचे घर इंदापूर तालुक्यात पालखीमार्गापासून जवळच्या एका गावात ओढ्याच्या कडेला आहे. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. पुढे तीन खणांचे माळवद, मागे अलीकडे बांधलेली विटांची एक खोली आणि बाजूला गाईंचा पत्र्याचा गोठा. माणसे सात : आत्या, मामा (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो), आत्याच्या सासूबाई, आतेभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले. त्या रात्री घरात गुडघाभर पाणी होते. रात्री साडेदहाच्या सुमारास आले आणि पहाटे तीनला उंबऱ्याखाली गेले. साडेचार तास.

ही मंडळी आपल्या घरात पुन्हा झोपायला आली ती २९ जुलैला, नागपंचमीच्या दिवशी. म्हणजे पासष्टाव्या दिवशी. साडेचार तासांचे पासष्ट दिवस कसे होतात, हे मला समजून घ्यायचे होते. म्हणून मी मामांच्या डायरीवरून आणि प्रत्येकाला विचारून तारखा लावल्या.

पहिली गोष्ट अशी की भिंत पाण्यात पडली नाही. पाणी गेल्यावर दहाव्या दिवशी, ४ जूनला, स्वच्छ ऊन पडलेले असताना पडली. हे मला आधी चमत्कारिक वाटले होते. गावातल्या जुन्या गवंड्याला विचारले तर तो हसला. म्हणाला, भिंत भिजताना पडत नाही, वाळताना पडते. त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मातीच्या भिंतीचा जोर तिच्यातल्या चिकणमातीच्या कोरडेपणात असतो. तळाचा हातभर भाग भिजला की तो मऊ होतो आणि वरून माळवदाचा सगळा भार त्याच्यावर असतो. त्यातच पाया काळ्या जमिनीत असेल तर ती जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. भिंतीची बाहेरची बाजू आधी वाळते, आतली ओली राहते, दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहत नाही. आत्याच्या घरात त्यात आणखी एक भर होती. आतेभावाच्या लग्नाच्या वेळी घर चांगले दिसावे म्हणून पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत श्वास घेते, गिलाव्याने तो कोंडला. आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहिली नाही. पडली ती तीच भिंत. गिलावा न केलेली उत्तरेची भिंत अजून उभी आहे.

दुसरी गोष्ट, सात माणसे एकत्र घराबाहेर राहिलीच नाहीत. पहिले काही दिवस सर्वजण गावच्या प्राथमिक शाळेच्या एका खोलीत होते. आणखी तीन कुटुंबे शेजारच्या खोल्यांत होती. सुटी होती म्हणून शाळा मिळाली. पण १६ जूनला शाळा उघडायची होती, म्हणून १४ तारखेला खोली रिकामी करून दिली. मग वहिनी दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेली. आत्या आणि सासूबाई आमच्याकडे आल्या. मामा मात्र गाव सोडू शकले नाहीत, कारण दोन जर्सी गाई. गाईंना दोन वेळ धार काढणारे ओळखीचे हात लागतात, दूध दोन वेळ डेअरीला घालावे लागते, आणि परक्याच्या गोठ्यात त्या पान्हा चोरतात. मामा गोठ्याच्या एका कोपऱ्यात ताडपत्री बांधून राहिले. आतेभाऊ बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. तो काही दिवस मित्राच्या खोलीवर आणि काही दिवस मामांजवळ. एका घराची अशी चार ठिकाणे झाली, चार चुली झाल्या म्हटले तरी चालेल. चार ठिकाणी जगण्याचा खर्च एका ठिकाणच्या दीडपट-दुप्पट होतो हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. कडबा काळा पडला, दोन वेळचे मिळून अठरा लिटर दूध बारावर आले. ज्वारीची अकरा पोती होती, त्यांतली सात भिजली आणि दोन दिवसांत त्यांना मोड आले. दोन पोती वाळवून कोंबड्यांना घातली.

या कुटुंबाला कुणी 'स्थलांतरित' म्हणणार नाही. बचाव पथकाने हलवलेल्यांच्या आकड्यात ते नाहीत, कारण ते रात्री स्वतःच चालत शाळेत गेले. निवारा केंद्राच्या यादीत ते काही दिवस होते. त्यानंतर शासनाच्या दृष्टीने ते घरी परत गेले.

येथे मदतीचे नियम पाहणे आवश्यक आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्रीय निकष असे आहेत. सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या घरास १,२०,००० रुपये. अंशतः पडलेल्या पक्क्या घरास ६,५०० आणि कच्च्या घरास ४,००० रुपये, पण नुकसान किमान पंधरा टक्के असले पाहिजे. झोपडीस ८,००० आणि घराला जोडून असलेल्या गोठ्यास ३,००० रुपये. कपड्यांसाठी प्रत्येक कुटुंबास २,५०० आणि भांडीकुंडी व घरगुती वस्तूंसाठी २,५०० रुपये. यातील शेवटच्या दोन रकमा ज्यांचे घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात बुडालेले होते, त्यांच्यासाठी आहेत.

दोन दिवसांहून अधिक काळ! ही अट वाचून मी बराच वेळ थांबलो. गंगेच्या किंवा ब्रह्मपुत्रेच्या मैदानात, आपल्याकडे कृष्णाकाठी, ती कदाचित योग्य असेल. तिथे पाणी घरात किती दिवस राहिले यावरून नुकसानीचा अंदाज बांधता येतो. पण दख्खनच्या उतारावर पाण्याच्या मुक्कामाचा आणि घराच्या नुकसानीचा असा सरळ संबंध नाही. आमच्याकडे पाणी साडेचार तास थांबते आणि तेवढ्यात मातीच्या भिंतीला जे व्हायचे ते होऊन जाते. महाराष्ट्र शासनाने काही मोठ्या पुरांच्या वेळी स्वतंत्र निर्णय काढून ही अट शिथिल केली आणि रक्कमही वाढविली. जुलै २०२१ च्या पुरानंतर कपड्यांसाठी ५,००० आणि भांडी-वस्तूंसाठी ५,००० रुपये दिले गेले. हे योग्यच झाले. परंतु प्रत्येक वेळी नव्या निर्णयाची वाट पाहावी लागावी, आणि लहान पूर असला तर तो निघेल की नाही याची खात्री नसावी, हे बरे नव्हे.

'अंशतः' या शब्दाचेही असेच आहे. आत्याच्या घराचा पंचनामा २८ मे रोजी झाला. आलेले गृहस्थ सौजन्याने वागले, चिखलातून फिरले, फोटो काढले. त्या दिवशी चारही भिंती उभ्या होत्या, म्हणून 'भिंतींना ओल' एवढेच लिहिले गेले. ते खोटे नव्हते. सात दिवसांनी भिंत पडली. पुन्हा अर्ज, पुन्हा फेऱ्या, अखेर पुरवणी पंचनामा, आणि कच्च्या घराची अंशतः पडझड म्हणून चार हजार रुपये. चारातली एक भिंत पडली म्हणजे हिशेबाने चौथा हिस्सा नुकसान. पण ज्या घराची एक भिंत नाही त्याच्या तीन-चतुर्थांश भागात कुणी राहू शकत नाही. नुकसानीची टक्केवारी होते, राहण्याची होत नाही. माझ्या सर्व टिपणांमधून मला काढता आलेला मुख्य निष्कर्ष हाच आहे. आपली व्यवस्था पाण्याचा मुक्काम मोजते, भिंतीचा हिस्सा मोजते. माणसे किती दिवस घराबाहेर राहिली हे मोजण्यासाठी तिच्याकडे रकानाच नाही.

याउलट, कायमच्या विस्थापितांची नोंद असते. इंदापूर तालुक्याला याचा मोठा अनुभव आहे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमाकाठची कितीतरी गावे उठली. पळसदेवचे जुने मंदिर अजून पाण्यात आहे आणि धरण आटले की वर येते, तेव्हा ते पाहायला गर्दी लोटते. त्या विस्थापितांच्या पुनर्वसनाबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत व त्या खऱ्याही आहेत. तरी त्यांच्यासाठी कायदा झाला, याद्या झाल्या, गावठाणे आखली गेली. तात्पुरत्या विस्थापितांची अडचण त्यांच्या 'तात्पुरते' या विशेषणातच आहे. परत जाणारच आहेत, मग लिहायचे कशाला? पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांसाठी तात्पुरती निवासस्थाने उभी राहिली आणि त्यांतील कितीतरी कुटुंबांचा तात्पुरता मुक्काम पिढीभर लांबला. शहर मोठे होते, संकट मोठे होते, म्हणून त्याचा इतिहास लिहिला गेला. ओढ्याकाठच्या पाच-दहा घरांचा इतिहास कोण लिहिणार?

जून महिन्यातली एक गोष्ट आत्याने मला दोनदा सांगितली. जूनच्या अखेरीस तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीवरून इंदापूरकडे गेली. दरवर्षी आत्याच्या घरी वारकऱ्यांची एक पंगत असते. पिठले, भाकरी, ठेचा. या मार्गावरची गावे एका रात्रीत हजारो माणसांची सोय करतात, शाळा, देवळे, ओटे, माळवदे सगळे उघडे होते आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. त्याच गावात एका कुटुंबाला दोन महिने आसरा देणे मात्र अवघड जाते. याचा अर्थ गाव कठोर आहे असा नाही. पाहुणा एक रात्र असतो म्हणून तो पाहुणा असतो. तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडची माणसे अवघडतात. आमच्या घरात हेच झाले आणि आमचे तर रक्ताचे नाते. आत्या पहाटे उठून आमच्या आईच्या आधी चूल पेटवायची. आईला ते आवडायचे नाही आणि ते तिला बोलताही यायचे नाही. पालखीच्या दिवशी आत्या सकाळीच गावी गेली आणि गोठ्याच्या दारात तीन दगड मांडून तिने पाच वारकऱ्यांपुरत्या भाकरी केल्या. पंगत मोडली नाही, पण घर मोडले ते साऱ्या रस्त्याला दिसले, असे ती म्हणाली.

मुलांचे वेगळेच. थोरला तिसरीत आहे. आईच्या माहेरच्या शाळेत त्याला तात्पुरते बसवून घेतले गेले. त्या गुरुजींचे आभारच मानले पाहिजेत. पण दप्तर भिजलेले, पुस्तके नवी मिळालेली नाहीत, हजेरी दोन्हीकडे अर्धवट. रेशनकार्ड, आधार, सातबाऱ्याचे उतारे एका लोखंडी पेटीत होते. पेटीत पाणी गेले. कागद पानापानाने वेगळे करून मामांनी गोठ्यातल्या दोरीवर वाळत घातले. हे दृश्य मी स्वतः पाहिले. ज्या कागदांवरून मदत मिळायची ते कागद आधी वाळायला हवे होते.

आपल्या महाविद्यालयात भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र हे विभाग आहेत आणि दरवर्षी प्रकल्पांचे विषय शोधताना आपण तेच ते विषय घेतो. ओढ्याकाठच्या आणि कालव्याखालच्या वस्त्यांवर राहणारे विद्यार्थी आपल्यातच आहेत. पुढच्या पावसात प्रत्येकाने आपल्या गावापुरती एक वही ठेवली तर? घर कोणत्या तारखेला सुटले, परत कोणत्या तारखेला गाठले, मधल्या काळात प्रत्येक माणूस आणि जनावर कुठे होते, भिंत कधी पडली, पंचनामा कधी झाला. पाच-सहा रकाने पुरे होतील. तहसील कार्यालयाला पाठवावी इतकी ती वही चांगली झाली तर उत्तमच; न झाली तरी निदान आपल्या ग्रंथालयात राहील. प्राध्यापक मंडळींनी यावर विचार करावा अशी विनंती आहे. माझ्या एका घरावरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही, याची मला जाणीव आहे. दहा घरांची नोंद असती तर हा लेख अधिक भक्कम झाला असता.

नागपंचमीला खणायचे नाही, चिरायचे नाही, तळायचे नाही. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत जमीन बडवून, सारवून तयार करायची असे ठरले होते आणि तसे झाले. पश्चिमेची भिंत भाजक्या विटांची घातली आहे. माळवदाचा त्या बाजूचा खण काढून तूर्त पत्रा टाकला आहे, त्यामुळे घर एका अंगाने जुने आणि एका अंगाने नवे दिसते. पंचमीला वहिनी मुलांना घेऊन आली, पुरणाची दिंडे झाली. सासूबाई मात्र तेव्हा पत्र्याखाली झोपायला तयार झाल्या नाहीत, त्यांचे अंथरूण जुन्या खणातच पडले. गौरीच्या सुमारास मी गेलो तेव्हा उत्तरेच्या भिंतीला वीतभर लोणा फुटलेला होता. मामा चार-चार दिवसांनी तो खराट्याने झाडून काढतात आणि पुन्हा गिलावा करायचा का, हा विषय घरात अजून मिटलेला नाही.